14 किलोचा कुत्रा, बारमाही खाज आणि शीत आव: ॲलर्जीचं पथ्य नेमकं कसं पाळायचं?

पायचाट्या

कुत्रा नर, 4 वर्षांचा, नसबंदी झालेला, 14 किलो, ना लठ्ठ ना हडकुळा. बारा महिने पंजे चाटतो, कान खाजवतो, बूड जमिनीला घासतो. दिवसातून चार-पाच वेळा शी. शेवटची हमखास सैल, वर आव. आठवड्यातून दोनदा पहाटे पिवळी उलटी. पिसवांचं औषध वर्षभर नियमित चालू.

सहा महिन्यांत तीन खाद्यं झाली: चिकनचं, मग लॅम्ब-राइस, मग ग्रेन-फ्री. दर वेळी दहा-बारा दिवस बरं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता रक्ताची ॲलर्जी टेस्ट केली तर अकरा पदार्थ पॉझिटिव्ह आलेत.

1. ते अकराही पदार्थ बंद करायचे का?
2. हायड्रोलाइज्ड खाद्य घ्यावं की घरी शिजवावं?
3. किती द्यायचं? पाकिटावरचा तक्ता आणि पशुवैद्यांनी सांगितलेलं प्रमाण जुळत नाही.
4. किती दिवसांनी कळतं?

---

चौथा_पंजा

रिपोर्ट फायलीत घाला आणि विसरून जा. रक्तात एखाद्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली म्हणजे तो पदार्थ त्रास देतोच असं नाही. ठणठणीत कुत्र्यांच्याही टेस्ट पॉझिटिव्ह येतात आणि खरोखर ॲलर्जी असलेल्यांच्या निगेटिव्ह. लाळेच्या आणि केसांच्या टेस्टची गत तर याहून वाईट. अकरा पदार्थ वगळायला निघालात तर पथ्यासाठी उरेल काय? अन्नाच्या ॲलर्जीचं निदान एकाच रस्त्यानं होतं: संशयित सगळं काढून आठ आठवडे पथ्य, आणि मग जुनं अन्न मुद्दाम परत देऊन पाहणं (यालाच चॅलेंज म्हणतात).

दहा दिवस बरं वाटून परत बिघडण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. नव्या खाद्यात चरबी आणि तंतू वेगळे असतात, म्हणून पोट थोडे दिवस वेगळं वागतं. त्याचा ॲलर्जीशी संबंध नसतो. दुसरं, ‘लॅम्ब-राइस’ हे पाकिटाच्या दर्शनी बाजूचं नाव. मागची बारीक अक्षरं वाचा: चिकन फॅट, अंड्याची पूड, ‘ॲनिमल डायजेस्ट’ (चवीसाठी घातलेला प्राण्यांचा अर्क) यांपैकी काहीतरी सापडतंच. म्हणजे तीन खाद्यं बदलली तरी चिकन कदाचित एकदाही बंद झालं नसेल.

पथ्याआधी मात्र हे उरकून घ्या, नाहीतर आठ आठवडे पाण्यात.

शी दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांची तपासा. जिआर्डिया आणि व्हिपवर्म हे आतड्यातले परजीवी रोज शीत उतरत नाहीत, एका नमुन्यात हुलकावणी देतात. जिआर्डियासाठी अँटिजेन टेस्ट मागा. नमुने स्वच्छ आले तरी बरेच पशुवैद्य फेनबेंडाझोल या जंतांच्या औषधाचा 3 ते 5 दिवसांचा कोर्स देऊनच पुढे जातात, आणि ते बरोबर आहे.

तुम्ही सांगताय ती लक्षणं (बऱ्याच वेळा शी, आव) मोठ्या आतड्याची; थोडी थोडी होणं, कुंथणं हीही त्यातलीच. शी एका वेळी भरपूर होत असेल, वजन उतरत असेल, रंग डांबरासारखा काळा असेल तर लहान आतडं. मग B12, फोलेट आणि स्वादुपिंडासाठी टीएलआय ही रक्ततपासणी आधी. अधूनमधून मलूल होऊन आपोआप सावरणाऱ्या कुत्र्यात ॲडिसन्स (मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं कमी पडण्याचा आजार) सुटायला नको. बेसल कॉर्टिसॉल 2 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आलं की तो जवळपास बाद होतो.

त्वचेसाठी खरजेचे किडे तपासा आणि कानातल्या मळाची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. कानात यीस्ट किंवा जिवाणू माजले असतील तर अन्न कितीही बदला, खाज राहणारच.

बूड घासण्याचं कारण गुदग्रंथी भरणं हेही असतं. एकदा बघून घ्या.

---

काटा_हवा_वाटी_नको

प्रश्न 2 आणि 3 घेतो.

आधी खाद्याची निवड. त्यानं आजवर खाल्लेलं सगळं कागदावर लिहा: खाद्य, खाऊ, चघळायच्या कांड्या, ताटातलं उष्टं, गोळी भरवायला वापरलेलं चीज. पथ्यात या यादीतलं काहीही नको. त्यांचे भाऊबंदही टाळा: बीफ खाल्लं असेल तर लॅम्ब आणि हरीण, चिकन खाल्लं असेल तर टर्की आणि बदक. चिकन आणि मासे यांच्यातही अशी अदलाबदल आढळली आहे, त्यामुळे ‘मासे म्हणजे सुरक्षित’ हे डोळे झाकून मानू नका.

हायड्रोलाइज्ड खाद्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारशक्तीला ते ओळखू येऊ नयेत. पण ‘हायड्रोलाइज्ड’ हा एकच शब्द कमी तोडलेल्यालाही लागतो आणि पार भुगा केलेल्यालाही. अर्धवट तोडलेल्या चिकनवर चिकनची ॲलर्जी असलेली काही कुत्री प्रतिक्रिया देतातच. तुमच्या कुत्र्यानं चिकन भरपूर खाल्लंय, म्हणून एकतर मूळ प्रथिन चिकन नसलेलं घ्या, नाहीतर सगळ्यात बारीक तोडलेलं. आणि ते पशुवैद्यकीय श्रेणीचंच हवं. साध्या ‘लिमिटेड इन्ग्रेडिअंट’ पाकिटांच्या तपासण्यांत लेबलवर नसलेली प्रथिनं वारंवार सापडली आहेत, कारण त्याच यंत्रावर आदल्या खेपेला दुसरं काहीतरी बनलेलं असतं. पथ्य संपल्यावर तशी पाकिटं चालतील, निदानासाठी नाहीत.

आता प्रमाण. मूळ गरज = 70 × (वजन किलोत)^0.75. साध्या कॅल्क्युलेटरवर: वजन तीनदा गुणा, मग दोनदा वर्गमूळ काढा. 14 × 14 × 14 = 2744, पहिलं वर्गमूळ 52.4, दुसरं 7.24. गुणिले 70 म्हणजे 507 कॅलरी. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला हे 1.4 ते 1.6 नं गुणायचं: 710 ते 810. मी 750 वरून सुरुवात करीन आणि दर आठवड्याला वजन बघून 10% वरखाली. पाकिटावरचे तक्ते बहुधा सढळ असतात. नाजूक पोटाच्या कुत्र्याला जास्त घातलेलं अन्न हेच बऱ्याचदा सैल शीचं कारण असतं, ॲलर्जी बिलर्जी काही नाही.

किलोला 3700 कॅलरीचं कोरडं खाद्य असेल तर 750 ÷ 3.7 = 203 ग्रॅम, दिवसभराचं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. कपानं मोजलं की रोज वेगळं भरतं.

घरी शिजवणार असाल तर त्याच 750 कॅलरींसाठी एक उदाहरण (ससा आणि बटाटा त्यानं कधी खाल्ला नसेल तरच):

- हाडाविना सशाचं कच्चं मांस 220 ग्रॅम, पाण्यात पूर्ण शिजवून, रस्सा त्यातच ठेवून
- सोलून उकडलेला बटाटा 430 ग्रॅम
- रिफाइंड सूर्यफूल तेल 2 चहाचे चमचे (9 ग्रॅम)
- शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेट पूड 2.3 ग्रॅम

यात साधारण 50 ग्रॅम प्रथिनं येतात. मीठ-मसाला काही नाही. कांदा-लसूण तर वासालाही नको, दोन्ही विषारी. कॅल्शिअम ऐच्छिक समजू नका: मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शिअम जवळजवळ शून्य, ही तूट शरीर हाडांतून भरून काढतं. बोन मील घालू नका, ते दुसऱ्याच प्राण्याच्या हाडांचं. अंड्याच्या टरफलाला आतला पापुद्रा चिकटलेला असतो, म्हणजे परत अंड्याचं प्रथिन. म्हणून शुद्ध कार्बोनेट, आणि तेही बिनचवीचं: फळांच्या चवीच्या चघळायच्या गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ती गोडी) असू शकतं आणि ते कुत्र्याच्या जिवावर बेततं.

हा आहार अपुरा आहे. प्रौढ कुत्र्याला आठ-दहा आठवडे चालतो, पुढे नाही. जस्त, आयोडीन, तांबं, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतं. जस्त कमी पडलं की त्वचेला पापुद्रे सुटतात आणि तुम्ही ‘ॲलर्जी वाढली’ म्हणून अजून काहीतरी काढून टाकता. एक वर्षाखालच्या पिल्लाला असं पथ्य अजिबात नाही, त्याला संपूर्ण हायड्रोलाइज्डच.

बदल 7 ते 10 दिवसांत: तीन दिवस पाव भाग नवीन, तीन दिवस निम्मं, तीन दिवस पाऊण. आठ आठवडे मोजायचे ते जुनं पूर्ण बंद झाल्या दिवसापासून. ही चूक सर्रास होते.

---

उकडभात

एवढा खटाटोप कशाला? उकडलेलं चिकन आणि भात, पोटाला हलकं. आणि धान्य बंद करा, गव्हानंच सगळं होतं.

---

चौथा_पंजा

@उकडभात, दोन वाक्यं एकमेकांना छेद देताहेत, भात धान्यच की. 😀

चिकन-भात हा तीन-चार दिवसांच्या जुलाबाचा उतारा, एक भाग चिकन आणि दोन भाग भात. ॲलर्जीच्या तपासासाठी तो उलटा आहे, कारण चिकन संशयितांच्या यादीत वरचं. 2016 मध्ये 297 ॲलर्जिक कुत्र्यांचा जो एकत्रित आढावा निघाला त्यात बीफ 34%, दुग्धजन्य पदार्थ 17%, चिकन 15%, गहू 13%, सोया 6%, लॅम्ब 5%, मका आणि अंडं प्रत्येकी 4% असा क्रम होता. गहू आहे, पण तिघांच्या मागे. तांदूळ जवळजवळ तळाला. हे आकडे वाचतानाही एक ध्यानात ठेवा: जे जास्त खाऊ घातलं जातं त्याचीच ॲलर्जी जास्त दिसते. बीफ मुळात काही वाईट नाही.

डाळी-वाटाण्यांवर बेतलेल्या ग्रेन-फ्री खाद्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएनं 2018 मध्ये हृदयविकाराच्या (डीसीएम) तक्रारींवरून चौकशी सुरू केली होती. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण फायदा दिसत नसताना ती जोखीम घ्यायचं कारण काय?

---

काटा_हवा_वाटी_नको

पिवळ्या उलटीचं राहिलं. पहाटे, रिकाम्या पोटी, नुसतं पित्त, आणि उलटीनंतर कुत्रा पुन्हा हुंदडतोय, तर तो उपाशी पोटाचा प्रश्न असतो. दिवसाचं अन्न तेवढंच ठेवून तीन भाग करा आणि शेवटचा, साधारण पाव हिस्सा, झोपायच्या अगदी आधी द्या. आठवडाभरात फरक पडतो. उलटीत अन्न येत असेल, दिवसाही होत असेल किंवा पोट दाबल्यावर कण्हत असेल तर मात्र तपासणी.

चरबीही बघा, पण टक्केवारीवर जाऊ नका. कोरड्या खाद्यावर 14% आणि डब्यावर 5% लिहिलेलं असतं, म्हणून डबा हलका वाटतो. हिशेब असा करा: कोरड्याच्या एका किलोत 140 ग्रॅम चरबी आणि 3700 कॅलरी, म्हणजे हजार कॅलरीला 38 ग्रॅम. डब्यातल्या किलोत 50 ग्रॅम चरबी आणि सुमारे 1000 कॅलरी, म्हणजे हजाराला 50 ग्रॅम. डबाच जड निघाला! स्वादुपिंडाचा त्रास होऊन गेलेल्या कुत्र्याला हा आकडा 20 ते 25 च्या आत लागतो.

---

पायचाट्या

सगळ्यांचे आभार. पथ्याला तीन आठवडे झाले. जिआर्डिया निघाला होता, त्याचं औषध देऊन दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, निगेटिव्ह. मग बारीक तोडलेलं हायड्रोलाइज्ड सुरू केलं, 203 ग्रॅम, तीन वेळा. शी दिवसाला दोनदा, बांधीव. पहाटेची उलटी थांबली. पण पंजे आणि कान जसेच्या तसे. म्हणजे पथ्य फसलं का? आणि हार्टवर्मची महिन्याची चघळायची गोळी चालते ना? ती औषधच आहे.

---

कानामागे

फसलं नाही, अर्ध्यातही आलेलं नाही. पोट आणि त्वचा वेगवेगळ्या वेगानं बरी होतात. पोटाचा निकाल दोन-तीन आठवड्यांत लागतो. त्वचेचं तसं नाही: पाच आठवड्यांत ॲलर्जिक कुत्र्यांपैकी साधारण 80% सुधारतात, आठ आठवड्यांत 90% हून जास्त. तिसऱ्या आठवड्यात सोडून देणं म्हणजे भात शिजायच्या आत झाकण काढण्यासारखं आहे.

आणि शी सुधारली त्याचं श्रेय कोणाला? जिआर्डिया गेला, अन्न मोजून सुरू झालं, खाद्यही बदललं, तिन्ही एका पाठोपाठ एक. ॲलर्जी सिद्ध झाली असं अजून म्हणू नका.

ती गोळी चालत नाही. तिला चव येते ती बहुधा बीफ, डुक्कर किंवा यकृताच्या अर्कानं. पण औषध बंद करू नका, पशुवैद्यांकडून बिनचवीची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध मागून घ्या. पथ्य फुटतं ते वाडग्यातून नव्हे, अशा फटींतून:

- जिलेटिनच्या कॅप्सूल (गाय-डुकराच्या). आतली पूड खाद्यात मिसळून चालते का ते विचारून मगच उघडा, काही औषधं उघडून देता येत नाहीत.
- कुत्र्यांची टूथपेस्ट, बहुतेक चिकन चवीची. नुसता ओला ब्रश वापरा.
- प्रोबायोटिकच्या पुड्या: जिवाणू निर्दोष, पण चवीसाठी प्राण्यांचा अर्क.
- फिश ऑइल, ग्लुकोसामाइनच्या चघळायच्या गोळ्या, रॉहाइड (कच्च्या चामड्याच्या कांड्या), चघळायला दिलेली प्राण्यांची शिंगं आणि वाळवलेले कान.
- घरातल्या मांजराचं खाद्य आणि मांजराची शी. हो, तीही. वाळूचा ट्रे उंचावर.
- लहान मुलाच्या खुर्चीखालची जमीन. जेवण होईस्तोवर कुत्रा दुसऱ्या खोलीत.
- दुसरा कुत्रा असेल तर दोघांनाही तेच खाद्य, किंवा दारं लावून वेगळं. एकमेकांचे वाडगे चाटतात.

फिरताना काहीबाही उचलत असेल तर आठ आठवड्यांपुरती जाळीची मुसकी.

खाऊ हवाच असेल तर रोजच्या 203 ग्रॅममधलेच 20 ग्रॅम बाजूला काढा. ते दळून पाण्यात मळा, पातळ थापून 150 अंशांवर 20-25 मिनिटं भाजा आणि नखाएवढे तुकडे करा. गोळी भरवायलाही हाच मऊ गोळा.

एखाद दिवशी चोरून खाल्लंच तर मोजणी शून्यावर आणू नका. तारीख आणि पदार्थ लिहून ठेवा, पुढचे 14 दिवस खाज वाढते का बघा. वाढली तर फुकटात एक चॅलेंज झालं. सारखंच घडत असेल तर मात्र पथ्य नव्यानं.

कानाची स्लाइड केली का? चौथा_पंजा यांनी वर लिहिलंय ते उडी मारून गेलात असं दिसतंय.

---

पायचाट्या

केली नव्हती, आज केली. दोन्ही कानांत यीस्ट. थेंब दिलेत. खाजेसाठी गोळी देऊ का असंही विचारलं, ती घेतली तर पथ्याचा निकाल कसा कळेल?

---

कानामागे

घेता येते, फक्त कधी थांबवायची ते आधीच ठरवा. थेंबांचा कोर्स पुरा करा आणि पुन्हा स्लाइड बघूनच थांबा. खाज 10 पैकी 7-8 असेल तर कुत्र्याला दोन महिने ओरबाडत ठेवण्यात अर्थ नाही. प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) किंवा ऑक्लासिटिनिब (खाजेवरची गोळी, स्टिरॉइड नव्हे) सुरुवातीचे तीन-चार आठवडे चालतं. मग पथ्य चालू ठेवून औषध थांबवायचं (स्टिरॉइड असेल तर पशुवैद्य सांगतील तसं हळूहळू) आणि निदान दोन आठवडे औषधाविना बघायचं. खाज परतली नाही तर पथ्याचा गुण. लोकिवेटमॅब हे खाजेवरचं इंजेक्शन या कामाला गैरसोयीचं, त्याचा अंमल महिनाभर किंवा जास्तही राहतो.

वहीत रोज दोनच आकडे: खाज 0 ते 10, आणि शी किती वेळा. आठवड्यातून एकदा त्याच उजेडात पंजे आणि कानाचा फोटो. आठवणीवर विसंबलात तर चॅलेंजच्या वेळी घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं निघेल.

---

काटा_हवा_वाटी_नको

इसबगोल कोणी सुचवायच्या आत सांगून ठेवतो: आव थांबलीय तर आत्ता घालू नका. मोठ्या आतड्याला विरघळणाऱ्या तंतूंचा स्वतंत्र फायदा होतो, मग गुण पथ्याचा की भुशीचा ते कळत नाही. पुढे कधी शी परत सैल झाली तर 14 किलोला अर्धा चहाचा चमचा बिनसाखरेचं, बिनचवीचं इसबगोल, पाण्यात भिजवून खाद्यात. चार-पाच दिवसांनी वाढवून रोज एक चमचा. कोरडं कधीही नको, घशात फुगतं.

---

चौथा_पंजा

चॅलेंजचं आत्ताच लिहून ठेवतो, कारण इथेच बहुतेक लोक कच खातात. कुत्रा बरा दिसायला लागला की जुनं अन्न परत द्यायला हात धजावत नाही. पण त्याशिवाय निदान नाही. ऋतू बदलला, पिसवा गेल्या, कान बरा झाला, यांपैकी कशानंही खाज कमी होऊ शकते.

आठ आठवडे पूर्ण, खाज निदान निम्म्यावर, अंगात खाजेचं कोणतंही औषध नाही, अशा वेळी आधीचंच खाद्य परत. पहिल्या दिवशी पाव भाग, त्रास नसेल तर तीन दिवसांत पूर्ण. सोबत पूर्वीचा खाऊसुद्धा. पोट काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बोलतं, त्वचा बहुधा आठवड्याभरात, पण पूर्ण 14 दिवस थांबा. काहीच झालं नाही तर अन्नाची ॲलर्जी नव्हती, मग परागकण आणि धुळीतले माइट यांच्या बाजूनं तपास. खाज परतली तर त्याच दिवशी जुनं बंद, परत हायड्रोलाइज्ड.

खाज पूर्वीच्या तळाला गेल्यावर (एक ते दोन आठवडे लागतात) एकेक पदार्थ. नुसता उकडलेला, बाकी काही नाही: रोजच्या कॅलरींच्या 10 ते 15%, तेवढं खाद्य कमी करून. 750 मधल्या 100 कॅलरी म्हणजे चरबी काढलेलं शिजवलेलं चिकन सुमारे 60 ग्रॅम. 14 दिवस, किंवा पहिली खाज येईपर्यंत. तुमच्या बाबतीत मी चिकनपासून सुरू करीन, कारण तिन्ही खाद्यांत ते असण्याची शक्यता सर्वांत जास्त. मग बीफ, मग दूध, मग गहू. दुधानं नुसते जुलाब झाले आणि खाज नाही, तर तो लॅक्टोज न पचण्याचा प्रकार असू शकतो, त्याला ॲलर्जीच्या रकान्यात लिहू नका.

एकाला एकाहून जास्त पदार्थांची ॲलर्जी असू शकते. म्हणून चिकन सापडलं तरी यादी अर्ध्यावर सोडू नका. आणि दोन पदार्थांच्या मध्ये खाज खाली आल्याशिवाय पुढचा पदार्थ सुरू करू नका, नाहीतर बीफचा आळ चिकनच्या उरलेल्या खाजेमुळे येईल.